गुलाबी फोल्डरमधले भाऊबंद

आमच्या वर्तमानपत्रात मी जिवंत माणसांचे मृत्युलेख लिहितो. ऐकणारा दचकतो, पण काम अगदी साधं आहे. नामांकित माणूस गेल्याची बातमी येते तेव्हा पान सोडायला तास-दीड तास उरलेला असतो, आणि तेवढ्यात कुणाचं आयुष्य लिहून होत नाही. म्हणून ते आधीच लिहून ठेवायचं, तारखेची आणि वयाची जागा कोरी सोडायची, आणि माणूस मजेत जगत राहिला तर वर्षातून एकदा त्याच्यावरची धूळ झटकायची. सत्तावीस वर्षं मी हेच करतोय. माझ्या कपाटात या घडीला दोनशे बारा माणसं ठणठणीत आहेत.

संगणक आले तरी मी कागद सोडले नाहीत. प्रत्येक आडनावाचा एक फोल्डर, आणि कागदाच्या डोक्यावर फक्त आडनाव, ही छापखान्यातली जुनी पद्धत. एकाच आडनावाची चार मोठी माणसं सहसा नसतात, त्यामुळे त्यात कधी अडलं नाही. अपवाद आमच्या आडनावाचा. त्या गुलाबी फोल्डरमध्ये एक न्यायाधीश आहेत, एक गोलरक्षक, एक सर्जन आणि एक अभिनेत्री. एकमेकांशी कुणाचं काही नातं नाही. मी खोदून खोदून विचारलंय. गावं वेगळी, घराणी वेगळी, नाकंसुद्धा वेगळी. तरी कचेरीत त्या फोल्डरचं नाव ‘भाऊबंद’ पडलं ते पडलंच. “काय, आज भाऊबंदांपैकी कुणी खोकलं का?” असं आमचे मुद्रितशोधक रोज सकाळी विचारतात आणि रोज स्वतःच हसतात.

त्यात पाचवा कागद माझा आहे. मी कुणी नामांकित नव्हे. पण आमचे जुने संपादक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी स्वतःचा मृत्युलेख लिहायला बसवत. अट एकच: नोकरी, हुद्दा, मानसन्मान यांतलं काही लिहायचं नाही, ते वजा करून काय उरतं तेवढं लिहायचं. बाकीच्यांनी लिहून चुरगाळून टाकले. मी जपून ठेवला, आणि दर वर्षी त्यात एखादी ओळ घालत गेलो. ती ओळ जवळजवळ नेहमी आमच्या लेकीची असते. एकुलती एक. आता अठ्ठावीस वर्षांची झाली. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि घरी आली की आमचे दोष काढते. मी सुखी माणूस आहे. असं लिहायला जरा लाज वाटते, पण आहे.

आता ही वही कशाला, तर गेल्या पंधरवड्यात जे घडलं ते माझ्या डोक्यात बसत नाही. न पटणारी गोष्ट मी क्रमवार लिहून काढतो. लिहिली की तिच्यातली खोट दिसते, असा अनुभव आहे.

न्यायाधीश गेल्याचं दुपारी साडेचारला कळलं. पान सहाला सुटायचं होतं आणि त्यावर आधीच एका पुलाचं उद्घाटन पसरलं होतं. मी भाऊबंदांतून कागद ओढला, तारीख आणि वय भरलं, टंकलेखनाला दिला. सकाळी चहा पिताना पेपर उघडला आणि घोट तसाच तोंडात राहिला. फोटो न्यायाधीशांचा, नाव न्यायाधीशांचं, आणि खाली आयुष्य गोलरक्षकाचं. अकरा वर्षं त्यांनी संघाचा गोल राखला. पावसात, चिखलात, मोडलेल्या बोटाने. आणि शेवटी तो अंतिम सामना, तो पायांमधून सुटलेला चेंडू, जो त्यांना लोकांनी जन्मभर विसरू दिला नाही.

दोन आयुष्यांची अशी खिचडी माझ्या हातून कधी झाली नव्हती. माफीचा मजकूर तयार करून मी फोनची वाट पाहत बसलो. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी न्यायाधीशांच्या पत्नी स्वतः आल्या. पांढरे केस, नीट इस्त्री केलेली साडी. मी उभा राहून हात जोडले आणि बोलायला सुरुवात करणार तोच त्या म्हणाल्या, “तुम्ही फार मनापासून लिहिलंत हो.”

“बाई, ती आमची मोठी चूक—”

“चूक कसली? त्या एका गोलने किती सोसलं त्यांनी. झोपेत पाय जवळ घ्यायचे. हे कुणीतरी समजून लिहिलं, बरं वाटलं.” मग पिशवीतून त्यांनी चामड्याचे हातमोजे काढून टेबलावर ठेवले. “फोटो काढायचा असेल तर काढून घ्या.”

हातमोजे जुने होते. तळव्यांवर झिजलेले, उजव्याचं एक बोट वाकडं, आत हात असल्यासारखं. मी न्यायाधीशांना चार वेळा भेटलोय. जिना चढतानासुद्धा ते कठडा धरायचे आणि खेळाचं पान न वाचता बाजूला ठेवायचे. पण बाईंचा चेहरा वाद घालण्याजोगा नव्हता. दुःखात माणूस भलतंच धरून बसतो, असं म्हणून मी विषय मनातून काढून टाकला. हातमोज्यांचा फोटो तेवढा काढून घेतला.

खरे गोलरक्षक जिवंत होते, त्यांची माफी मागायला हवी होती. मी दर वर्षी त्यांच्याकडे जातो. दर वर्षी मी न विचारता ते त्या सामन्यावर येतात आणि त्यांचे डोळे भरतात. या वेळी ते गच्चीत आरामखुर्चीवर बसले होते आणि शेजारचे दोघे त्यांच्यापुढे पाण्याच्या टाकीवरून भांडत होते. त्यांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन वाक्यांत निकाल दिला. दोघंही मान डोलावून गेले.

मी छापलेलं पान पुढे केलं. “तुमचा तो अंतिम सामना चुकून दुसऱ्याच्या नावावर गेला.”

“कुठला सामना?”

त्यांची बायको आतून म्हणाली, “अहो, हे आणि सामना? आयुष्य खुर्चीत बसून गेलं यांचं. लोकांची भांडणं ऐकत.”

मी आमच्या संग्रहातला संघाचा फोटो बरोबर नेला होता. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. “चेहरा माझ्यासारखा आहे खरा,” ते म्हणाले. मग गोलपाशी उभ्या असलेल्या त्या तरुणावर त्यांनी अंगठा फिरवला. “बिचारा.”

इतका निवांत माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. परत येताना बसमध्ये त्यांचा हेवा वाटला. त्यांचं गेलं ते ओझं होतं. पण त्याच फोल्डरमध्ये माझाही कागद आहे, डोक्यावर तेच आडनाव आहे, आणि त्या कागदात लेकीशिवाय दुसरं काही नाही. उद्या घाईत कुणाचा हात त्यावर पडला तर?

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळे बैठकीला गेल्यावर मी कपाट उघडलं. फोल्डरमध्ये हात घातला तोच मुद्रितशोधक आत आले, “काय, भाऊबंदांची वाटणी चाललीय का?” मी कागद ओढून दुमडला आणि बॅगेत सरकवला. घरी आल्यावर तो तसाच कपड्यांच्या कपाटात, सदऱ्यांखाली ठेवून दिला. उघडून वाचायचा धीर झाला नाही. स्वतःच्या मरणाची ओळ दिवसाढवळ्याही बरी वाटत नाही.

जेवताना लेक म्हणाली, “बाबा, आज सारखा काय बघतोयस माझ्याकडे?”

“बघू नको?”

“बघ. पण डोळे बारीक करून बघतोयस. आई, ह्याचा नंबर वाढलाय गं.”

“डोक्याचाही तपास एकदा,” बायको म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो. कागद घरात होता. मी पोटभर जेवलो.

*

बऱ्याच दिवसांनी वही हाती लागली.

सर्जन गेले. सोमवारी, माझ्या सुटीच्या दिवशी. आम्ही दोघं मेहुणीकडे गेलो होतो. आमच्या उपसंपादक बाईंनी भाऊबंदांतून कागद काढून सगळं एकटीने निभावलं. मंगळवारी त्या मला म्हणाल्या, “सर, किती सुरेख लिहिलंय तुम्ही. मला वाटलं होतं नुसता कापाकापी करणारा माणूस असेल. घरात इतका जीव होता त्यांचा!”

मी वाचलं. चांगलं उतरलंय. कधी लिहिलं ते नेमकं आठवत नाही, पण दोनशे बारांतलं प्रत्येक कसं आठवणार?

बाकी सगळं छान चाललंय. झोप शांत लागते. हातसुद्धा हल्ली फार स्थिर झालाय, कालच बायकोच्या बोटातला काटा एका फटक्यात काढला. ती मात्र हसते मला. “अहो, जेवायला बसायचंय, कोपरापर्यंत काय धुताय?”

काल ती मागच्या छोट्या खोलीच्या दारात उभी होती. “ही खोली आपण कशाला घेतली होती हो?”

“हवा खेळती राहते,” मी म्हटलं.

तिला ते पटलं. खोलीत एक पलंग आहे. भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आहे, कुण्या जुन्या भाडेकरूने लावलेला. आम्हा दोघांना इतकी जागा लागत नाही. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली, मूलबाळ झालं नाही, पण त्याची खंत दोघांनीही कधी धरली नाही.

सदऱ्यांखाली सर्जनच्या मृत्युलेखाचा कागद सापडला. हा कुणी घरी आणला आणि कशासाठी, कळत नाही. त्यांनाही मूल नव्हतं, असं त्यात लिहिलंय. वाचून वाटलं, माणसाचं अगदी आमच्यासारखं होतं.

वहीतली मागची पानंही चाळली. ‘लेक’ हा शब्द तीन-चार ठिकाणी आलाय. अक्षर माझंच आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांची आयुष्यं लिहिली की हात असा सैल सुटत असावा.

*

आज एक मुलगी भेटायला आली. तिशीच्या आतली. खांद्याला पिशवी, हातात आमच्या पेपरचं कात्रण.

“काका, बाबांचा मृत्युलेख तुम्ही लिहिलात ना?”

“कुठले बाबा?”

तिने कात्रण पुढे केलं. सर्जनचा फोटो. मी तिला खुर्ची दिली.

“शाळेच्या पहिल्या दिवशी मी रडले नव्हते,” ती म्हणाली. “बाबाच फाटकापाशी रडत उभे होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?”

“आमच्याकडे नोंदी असतात.”

“आई तर कात्रण उशीखाली घेऊन झोपते.”

मी मान हलवली. अशा वेळी फार बोलू नये.

ती उठली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, डोकं जरा तिरकं करून.

“हा चष्मा कुणी बसवून दिला तुम्हाला?”

“आठवत नाही.”

“देता?” असं म्हणत तिने तो काढलासुद्धा. पिशवीतून सुईएवढा स्क्रू ड्रायव्हर काढला, काडी वाकवली, पुन्हा माझ्या नाकावर ठेवला. बोटं गार होती. “डावा कान खाली आहे तुमचा. बाबांचाही होता.”

“असेल.”

“आता समोरची पाटी वाचा बघू.”

खिडकीपलीकडे किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान आहे. मी त्याची पाटी वाचली. नाव, मग वेळ, मग अगदी तळाची बारीक ओळ, सुटीच्या वाराची. एकही अक्षर चुकलं नाही.

“शाब्बास,” ती म्हणाली, आणि एकाएकी रडायला लागली.

मी तिला ग्लासभर पाणी दिलं आणि सांत्वनाचे दोन शब्द बोललो. ते मला पाठच आहेत.