बर्फपेटी परत आली तेव्हा

तो आमच्या जनावरांच्या तपासणी-प्रयोगशाळेत आला आणि शर्टाच्या आतून काचेची नळी काढून त्याने माझ्यापुढे धरली.

"मॅडम, घोडीचं रक्त. बाहेर गारठा आहे ना, म्हणून छातीशी धरून आणलंय."

नळी चांगली कोमट होती!

"अहो, रक्त आहे ते, अंडं नव्हे उबवायला. बर्फपेटीतून आणायचं असतं." मी फॉर्मवर 'नाकारले'चा शिक्का मारला.

त्याचा चेहरा पडला. "उद्या काका तिला विकतायत. म्हणतात, वांझ आहे. मी म्हणतो, चार महिन्यांची गाभण आहे. पण मिजास पोटाला हात लावू देईल तर ना..."

"मिजास?"

"नाव आहे तिचं. तेवढं चालवून घ्या ना, मॅडम —"

"चालवून घेतलेला आकडा उद्या तोंडघशी पाडेल. माझी सही आजवर खोटी ठरलेली नाही."

तो पाहतच राहिला. रागावला म्हणावं, तर डोळे हसत होते. "घोडीचं नाव चुकलंच म्हणायचं. इथे जास्त शोभलं असतं."

मी ओठ दाबून माझी बर्फपेटी त्याच्या हातात दिली.

दोन तासांत तो परतला. वेळ, क्रमांक, सगळं नीट लिहिलेलं. फक्त बाही फाटलेली. "पुन्हा सुई म्हटल्यावर चावली."

गर्भ जिवंत असला की घोडीच्या रक्तात एक हार्मोन भरभरून वाढतो. यंत्रावर आकडा उमटला आणि माझे हात आपोआप जोडले गेले. देवा, तुझी करणी!

त्याने तिथूनच फोन लावला. "काका, गाभण आहे! ...नक्की म्हणजे? अहो, या मॅडमनी माझं पहिलं रक्त परत पाठवलं होतं. त्यांची सही आहे!"

स्वतःचंच कौतुक असावं अशा ऐटीत तो हे सांगत होता... आणि मान माझी ताठ होत होती.

त्या आनंदात माझी बर्फपेटीही त्याच्याबरोबरच गेली. आठ दिवसांनी ती परत आली. आत नळी नव्हती, नुसता भरलेला फॉर्म होता. 'प्राणी : माणूस. लक्षणे : भूक नाही, झोप नाही, पाय सारखे इकडेच वळतात.'

"नमुना कुठाय?" मी शक्य तितक्या कडक आवाजात विचारलं.

"तो... याही वेळी छातीशीच धरून आणलाय, मॅडम. चालेल?"

मी ड्रॉवर उघडला. 'नाकारले'चा शिक्का वरच होता. तो बाजूला सारून मी खालचा काढला, फॉर्मवर उमटवला आणि शेजारी सही केली — पूर्ण नावानिशी.

माझी सही खोटी ठरत नाही, हे त्याला ठाऊक होतं.