दहाचा फोन

गुरुवारी दुपारी सिस्टर घड्याळजींच्या घरी निघाली ती वजनकाटा परत आणायला. काम नेहमीचंच. हृदय कमजोर झालेल्या पेशंटला घरी सोडताना हॉस्पिटल एक काटा वापरायला द्यायचं. पेशंटची गरज संपली की सिस्टरने तो परत आणायचा, पुसायचा, स्वतः त्यावर उभं राहून तपासायचा आणि पुढच्याला द्यायचा. तिचं वजन कित्येक वर्षं बावन्नवरून हललं नव्हतं. रजिस्टरमध्ये ‘५२, बरोबर’ एवढं लिहिलं की झालं.

घड्याळजींची गरज संपली होती, कारण ते जाऊन पंधरा दिवस झाले होते.

अशा पेशंटच्या अंगात पाणी साठायला लागलं की ते आधी काट्याला कळतं, मग माणसाला. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, औषध बदलायचं. तेवढ्यानेही माणूस सावरतो. म्हणून सिस्टर रोज सकाळी दहाला एकेकाला फोन लावायची. वजन किती, पायांना सूज आहे का, धाप लागू नये म्हणून झोपताना उशा किती लागल्या, गोळ्या घेतल्या का. यादीत पहिलं नाव घड्याळजींचं असायचं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलायचा. “थांबा हं सिस्टर, चष्मा लावतो,” म्हणायचा, आणि मग पॉइंटसकट आकडा वाचायचा. “चौसष्ट पॉइंट दोन. कालचंच.” त्यानंतर गप्पा. गप्पा म्हणजे वीस मिनिटांची निश्चिंती.

एकदा त्यांनी आपणहून फोन केला होता, तेव्हा तिनेच बजावलं होतं, “काका, तुम्ही नका करत जाऊ. लाइन अडून राहते. दहाला मीच करीन.”

मग जोडीची नर्स रजेवर गेली आणि दोघींच्या याद्या एकटीच्या गळ्यात पडल्या. एकतीस फोन. सिस्टरने घड्याळजींच्या नावासमोर आदल्या दिवशीचाच आकडा लिहिला. ६४.२, तक्रार नाही. फोन न लावताच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर हात आपोआप चालला. चौथ्या दिवशी सकाळी त्यांना हॉस्पिटलात आणलं, तेव्हा पाय खांबासारखे सुजले होते आणि छातीत पाणी बुडबुडत होतं. ते दुपारपर्यंतही टिकले नाहीत.

फाइल मात्र लख्ख होती. डॉक्टरांनी ती चाळली आणि म्हटलं, “एवढा चोख फॉलोअप असूनही गेले. तुमचा काही दोष नाही, सिस्टर.” आणि चारचौघांत तिची पाठ थोपटली. ती थाप तिला अजून चटका दिल्यासारखी जाणवायची. जेवताना, केस विंचरताना, कुठेही. आपली आपल्यालाच लाज वाटणं म्हणजे काय, ते तिला या पंधरा दिवसांत पुरतं कळलं होतं.

दार काकूंनी उघडलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं. आत गिऱ्हाइकांची राहून गेलेली घड्याळं टिकटिकत होती, प्रत्येकाची टिकटिक वेगळी. भर दुपारी खोलीत अंधारलेलं होतं, आणि ओल्या कपड्यांचा असतो तसला दमट वास येत होता. पलंगावर पाच उशा एकावर एक रचलेल्या होत्या.

“बरं झालं आलात,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “एक विचारायचं होतं. विचारू?”

“विचारा ना.”

“शेवटच्या आठवड्यात त्यांनी हट्ट केला म्हणून भाजीत चिमूटभर मीठ जास्त घातलं होतं. दोनदा. तुम्ही बजावलं होतंत, तरी घातलं.” त्यांचे हात पदराशी चाळा करत होते. “त्यानेच गेले ना ते? मीच मारलं ना त्यांना?”

आता बोलायचं होतं. काकू, मीठ नव्हे, मी. एवढे चार शब्द. सिस्टरने तोंड उघडलं आणि तिला ती लख्ख फाइल आठवली, डॉक्टर आठवले, नोकरी आठवली.

“असं काही मनात आणू नका, काकू,” ती म्हणाली. असं म्हटल्यावर कुणाच्याही मनातून काही जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“शेवटी शेवटी धाप लागायची. मी म्हणायची, करा की हो फोन. तर म्हणायचे, नको, सिस्टर करतील, त्यांनी सांगितलंय. दहाला त्या खुर्चीत बसायचे, फोन मांडीवर घेऊन.”

सिस्टर मान खाली घालून कोपऱ्यातल्या काट्याकडे गेली. वरच्या खिळ्याला वजनाचं कार्ड टांगलेलं होतं. घड्याळजींचं मुंगीएवढं, सुबक अक्षर. ६५.१. १० वाजता. फोन नाही. खाली ६६.३. फोन नाही. ६७.६. फोन नाही. मग ते गेले त्या दिवसाची ओळ, ६८.९.

कार्ड तिथे संपायला हवं होतं.

त्याखाली आणखी पंधरा ओळी होत्या. तेच अक्षर, तीच शाई, दर ओळीला वाढत गेलेलं वजन. शेवटच्या ओळीवर आजची तारीख होती. १० वाजता. फोन नाही.

“काकू... हे कार्ड कोण लिहितं?”

“कोण लिहिणार? मला तर दिसतच नाही.” काकू म्हणाल्या. “पण काटा बिघडलाय बघा तुमचा. रोज दहाला आपोआप वाजतो. कुणी वर उभं राहिल्यावर वाजतो ना... तसा.”

आणि सिस्टरने काय केलं? कार्ड खिळ्यावरून काढलं आणि गुपचूप पर्समध्ये सरकवलं. आंधळ्या बाईच्या देखत. भीती तर वाटत होतीच, पण त्या भीतीतही आपला पुरावा लपवायची अक्कल शाबूत होती. पुढे हे आठवलं की तिला भुतापेक्षा स्वतःची जास्त किळस यायची.

काटा दीड-दोन किलोचा. पिशवीत घालून जिना उतरताना तो पहिल्या वळणावर जड वाटला, दुसऱ्यावर हात बदलावा लागला, आणि खालच्या पायरीवर ती पिशवी मांडीवर घेऊन मटकन बसलीच. मांड्या दुखायला लागल्या. कुणीतरी मांडीवर बसावं तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा हॉस्पिटलच्या कपाटात होता आणि कार्ड तिच्या टेबलाच्या खणात, कुलपात. दहा वाजले. कपाटात काटा वाजला.

तिने खण उघडला. कार्डावर नवी ओळ होती. आजची तारीख. वजनाची जागा कोरी. १० वाजता. पुढेही कोरं. शाई अजून ओली होती.

तिने फोन लावला. काकूंनी उचलल्यावर ती भडाभडा बोलत सुटली. “काकू, मिठाने नाही गेले ते. त्यांचं वजन तीन दिवस वाढत होतं आणि मी फोनच केला नाही. आकडे मनाने लिहिले. काल सांगायला हवं होतं, मला लाज वाटली... कार्डही मीच नेलं.”

पलीकडून घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती.

“तीन दिवस खुर्चीतून हलले नाहीत ते,” काकू म्हणाल्या. “पंधरा दिवस मी मिठाच्या बरणीला हात लावलेला नाही.” मग अगदी हळू, “ठेवा आता फोन.”

सिस्टरने डोळे पुसले. कार्डावर वेळेपुढची जागा भरली होती. फोन आला. वजनाची जागा तेवढी कोरी होती. डॉक्टरांना आता सांगायचंच होतं, नोकरी जायची तर जावो. पण छातीवरचं ओझं थोडं उतरलंय असं तिला वाटलं.

इतक्यात दाराशी नव्या पेशंटची सून आली, काटा न्यायला. सिस्टरने तो काढला, पुसला आणि नेहमीप्रमाणे वर उभी राहिली.

११६.२.

ओल्या कपड्यांचा वास आला. मानेमागे कुणीतरी धापा टाकत होतं, पाण्यातून टाकाव्यात तशा. तिने एक पाय खाली घेतला. मग दुसरा. रिकाम्या काट्यावर आकडा थांबून राहिला, ६४.२. तिने स्वतःच्या हाताने तीनदा लिहिलेला.

“काटा बरोबर आहे ना, सिस्टर?” सुनेने विचारलं.

सिस्टरने रजिस्टर मिटलं. आता खोटं लिहिणं तिला शक्य नव्हतं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण... रिकामा नाही अजून.”