झोपलेली भिंत

चौक गावच्या हायवेलगतच्या एका छोट्या दवाखान्यात रुचिता हृदयाची सोनोग्राफी करायची. कामातली जोडीदारीण बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून दोघींचं काम तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं. शेलूहून स्कूटरवर यायचं, दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या छातीवर यंत्र टेकवून बसायचं आणि अंधार पडल्यावर परत जायचं. थकवा आता अंगात मुरला होता, जुन्या लोणच्यासारखा. आई रोज म्हणायची, "रजा टाक गं चार दिवस." रुचिता रोज म्हणायची, "टाकते."

त्या सकाळी पहिला पेशंट होता पोपटमामा, खालापूरच्या बाजूचा भातशेतीवाला. महिन्याभरापूर्वी त्याला जबर अटॅक येऊन गेला होता. तुंबलेली एक नळी डॉक्टरांनी उघडली होती, पण हृदयाची पुढची भिंत काही हलत नव्हती. ती मेली आहे की नुसती झोपली आहे, एवढंच आता पाहायचं होतं. झोपली असेल, तर बाकीच्या नळ्यांसाठी बायपास करून माणूस पुन्हा उभा राहील. मेली असेल, तर ऑपरेशनला अर्थ नाही. घरी न्यायचं आणि वाट बघायची.

"पाट मोकळा केलाय गं पोरी," पोपटमामा टेबलावर आडवा होत म्हणाला, "पन शेतच जळालं असंल, तं पानी सोडून काय व्हनार?"

रुचिताने दिवा मालवला. पडद्यावर हृदय उमटलं. बाकीच्या भिंती उघडत-मिटत होत्या, पुढची मात्र ढिम्म. तिथे एक बारीक पांढरी रेघ होती, खाली कोयतीच्या टोकासारखी वळलेली. तिने आवाज वाढवला. इतर ठिकाणी रक्ताची सळसळ स्पष्ट ऐकू येत होती. त्या रेघेपाशी नुसती खरखर... आणि तिच्यामागे शांतता.

बाहेर मामाची बायको चंद्राबाई उभी होती. "झोपलंय का गं?"

"दुपारी डॉक्टर औषध देऊन बघतील, मावशी." खोटं बोलणं तिला जमलं नाही आणि खरं सांगायचं त्राण नव्हतं.

जेवायच्या सुट्टीत ती मागच्या तिठ्यापलीकडे वडापाव आणायला निघाली. समोरून चंद्राबाई येत होती, मान खाली, पाय धुळीने भरलेले. "मावशी, जेवलात का?" रुचिताने विचारलं. बाई ओठ घट्ट मिटून तशीच पुढे गेली. काय माणसं असतात, रुचिता मनात चरफडली. खरं तर तिला कळायला हवं होतं. उतारा ठेवून येणारं माणूस बोलत नाही, मागे वळून बघत नाही, हे शेलूत शेंबडं पोरही जाणतं.

तिठ्यावर पत्रावळीत भात, अंडं, कुंकू लावलेलं लिंबू मांडलेलं होतं. जळक्या मिरचीचा वास गॅरेजच्या ऑइलच्या वासात मिसळला होता. रुचिताने ते पाहिलं. पण वळसा घालायचा तर उभ्या ट्रकांच्या मागून लांबून जावं लागणार, आणि पाय उचलवत नव्हते. "एवढ्याने काय होतंय," ती पुटपुटली आणि ओलांडून गेली.

दुपारी पनवेलहून डॉक्टर आले. औषधाची सुई जोडली. ते अजून थेंबभरही आत गेलं नव्हतं, तोच पुढची भिंत हलली. एकदा... परत एकदा... मग बाकीच्यांच्या तालात. खरखरीच्या जागी पाटाला पाणी सुटावं तशी खळखळ खोलीभर ऐकू आली.

"सकाळी झोपेत होतीस का गं?" डॉक्टर हसून म्हणाले. "उत्तम आहे की! ऑपरेशन करू."

रुचिता पांढरी रेघ शोधत राहिली. रेघ नव्हती.

बाहेर येऊन तिने सांगितलं, तेव्हा चंद्राबाई ढसाढसा रडली. तिने रुचिताच्या तोंडावरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. एकही बोट वाजलं नाही. तिने पुन्हा केलं. पुन्हा नाही. मग तिची नजर खाली गेली. रुचिताच्या चपलेला कुंकू लागलेली भाताची शितं चिकटली होती.

"पोरी... तू वलांडलंस?"

रुचिता आत वळली. दार लावलं, स्वतःच्या छातीवर थंड जेल लावलं आणि यंत्र टेकवलं. तीन भिंती हलत होत्या. पुढची ढिम्म. पांढरी रेघ, खाली वळलेली.

दाराबाहेर चंद्राबाई तशीच थांबली होती.

"मावशी, परत घ्या हे."

"परत नाय जात गं ते... फकस्त फुडं जातं." तिने पिशवीतलं उरलेलं लिंबू, मूठभर तांदूळ रुचितावरून उतरवले आणि फडक्यात बांधले. "तिठ्यावर ठेव. मागं बगू नको. आनि मला माफ कर, पोरी."

शेलूच्या तिठ्यावर रुचिता गाठोडं घेऊन उभी राहिली. स्टेशनवरून माणसं येत होती. भाजीची जड पिशवी घेतलेली बाई, नव्या बिल्डिंगांकडे ड्युटीवर निघालेला म्हातारा वॉचमन. खाली कुणीच बघत नव्हतं. सगळे तिच्याइतकेच दमलेले. यातल्या कुणाच्या गळ्यात घालायचं? तिचं मन होईना. नदीत सोडावं, तिने ठरवलं. पण नदीपर्यंत जायचं बळ आज नव्हतं. उद्या. असली वस्तू घरात न्यायची नसते, म्हणून तिने गाठोडं दाराबाहेर चपलांपाशी ठेवलं आणि ती आडवी झाली.

सकाळी तिला आपोआप जाग आली. अंग पिसासारखं हलकं होतं. कित्येक महिन्यांत असं वाटलं नव्हतं. तिने छातीवर हात ठेवला. ठोके कसे ठणठणीत! तिला हसू फुटलं.

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता. दूध उतू जाऊन गॅसवर पसरलं होतं. आई ओट्याला टेकून खाली बसली होती, डावा हात चोळत.

"रुचे, दारात काय ठिवलंस गं ते? दूध घ्यायला गेले, तं वलांडून जावं लागलं."

"आई... हात का चोळतेस?"

"काय नाय गं." आईने डोळे मिटले. "रातभर झोपले, तरी लय दमल्यावानी वाटतंय."