बटणाच्या आधीचं अर्धं मिनिट

काम साधं होतं. हवालदार म्झिकायिसेच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ उघडायचा, बघ्यांचे चेहरे पुसट करायचे आणि चारच्या आत चौकशीला पाठवायचा. आमच्या ठाण्यात हे काम मी एकटी करते, आणि सांगते तुला, नुसता डोक्याला ताप आहे. मशीन अडकतं, वीज जाते, आणि ही पोरं कॅमेऱ्याचं बटण दाबतात ते सगळं उरकल्यावर. विचारलं तर मला ताई करून म्हणतात, "विसरलो, सिसी."

म्झिकायिसेही विसरला होता. त्याचं म्हणणं, ज्याला पकडायला गेला तो बोनाकेले पळाला, पाय घसरून दगडाच्या खाणीत पडला आणि जागीच गेला. बोनाकेलेची आई मादलोमो तीन आठवडे रोज माझ्या दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसत होती. पोरगा कसा गेला ते खरं कळू दे, एवढंच तिचं मागणं.

आता हे कॅमेरे बटण दाबण्याआधीचं अर्धं मिनिटही जपून ठेवतात. फक्त चित्र, आवाज नाही. पोरांच्या हे ध्यानातच राहत नाही. मी तेवढं लावलं. म्झिकायिसेचे दोन हात पुढे गेले, बोनाकेलेच्या छातीवर टेकले, आणि समोर कोणी उरलं नाही.

ठाण्याचे प्रमुख कॅप्टन माटोटींना दाखवलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "आवाज नाही, मग पुरावा कसला? तेवढं काप."

मी वाद घातला, पण नोकरी मलाही हवी होती. कापलं. लाज वाटली, तरी कापलं.

पाठवण्याआधी पुन्हा लावून बघितलं. अर्धं मिनिट तिथंच. परत कापलं, तर त्याचं पाऊण मिनिट झालं. मशीनला चार शिव्या हासडल्या, बंद करून चालू केलं. तिसऱ्यांदा लावलं आणि माझा हात थांबला.

आता समोर म्झिकायिसे होता. डोक्यापासून बुटांपर्यंत अख्खा. त्याचा कॅमेरा त्याच्याच छातीवर दिसत होता. तो जवळ आला, दोन्ही हात पुढे... मग नुसतं आकाश. बऱ्याच वेळाने वर खाणीच्या कडेला त्याचं तोंड आलं, खाली बघत राहिलं, आणि मागे गेलं.

आणि आवाज येत होता. बारीक, शिट्टीसारखा, थांबत थांबत. मी आवाज बंद केला. तरी येतच होता...

दारात मादलोमो उभी होती. तिथून तिला पडदा दिसत नव्हता.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "हा माझ्या बोनाचा दमा... जागीच गेला म्हणाले होते ना?"

मी तिला खुर्ची दिली आणि व्हिडिओ न कापता पाठवून दिला. चौकशीवाल्यांना त्यात फक्त धक्का दिसतो. तेवढ्यावर म्झिकायिसे आत गेला.

याला आज अकरा दिवस झाले. माटोटींनी स्वतः येऊन वायर उपटली, तरी माझ्या मशीनवरचं आकाश हटत नाही. मादलोमो खुर्ची सोडत नाही. काल मी वैतागून पडद्यावर कापड टाकायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"नको गं... अजून चालू आहे त्याचा श्वास."