पाठमोरा

बावीस वर्षं मी एका प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. आलेली हस्तलिखितं परत पाठवणं, हे माझं मुख्य काम. लोकांना वाटतं, पुस्तक छापून आणायला ओळख लागते. प्रत्यक्षात समास सोडावा लागतो आणि पानांवर आकडे घालावे लागतात. एवढं सांगून जीभ झिजली, तरी लोक पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणतात आणि वर म्हणतात, "घरच्यांना फार आवडलं." आवडणारच. घरच्यांना तुमच्याच पंगतीला जेवायचं असतं.

शनिवारी दुपारी मी अशा होतकरूंना भेटत असे. दुसऱ्या मजल्यावरची अरुंद खोली, पत्र्याची कपाटं, एक टेबल. एका शनिवारी घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा आला. बोटांना तेलाचा वास, अक्षर मोत्यासारखं, चाळीस पानं. गोष्ट एवढीच, की दुकानामागच्या खोलीत एक माणूस भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसलेला असतो. घरातली माणसं त्याच्या पाठीमागून ये-जा करतात, जेवतात, झोपतात.

"यात काही घडत नाही," मी म्हणालो.

"घडू नये म्हणूनच तो तसा बसलाय," म्हातारा म्हणाला.

मी नेहमीची औषधाची पुडी दिली. "माणूस डोळ्यांसमोर येत नाही. कॉलर कशी, मान कशी, श्वास कसा घेतो, ते लिहा. 'भयानक', 'विचित्र' हे शब्द काढून टाका. वाचकाला मूर्ख करू नका, तो आयताच असतो."

बहुतेक जण सल्ला ऐकून मान डोलावतात आणि तेच बाड नव्या पाकिटात घालून आणतात. याने अक्षरन् अक्षर पाळलं होतं. पुढच्या शनिवारी कॉलरवर पिवळा डाग होता, मानेवर खळगा होता, ओल्या लोकरीचा वास होता. लिखाण चांगलं उतरलं होतं, याचाच मला राग आला.

त्या आठवड्यात माझ्या खोलीला ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. शेजारच्या खोलीत मुद्रितं तपासणाऱ्या बाई बसतात. मी सांगण्याआधीच त्यांनी खिडक्या उघडल्या होत्या.

तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "शेवट कुठे आहे? वाचकाला चाळीस पानं आशेला लावलंत आणि हा आपला पाठमोराच. वळवा त्याला. तोंड दाखवा."

म्हाताऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "वडील सांगायचे, त्याच्याविषयी बोलायचं नाही. मी नुसतं लिहायला घेतलं, तर त्याची मान जराशी हलली. बायको आठ दिवस झाले बहिणीकडे जाऊन राहिली आहे."

"म्हणजे सत्य अनुभवावर आधारित." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलेलं. "अनुभव सगळ्यांनाच असतात हो. छापून यायचं असेल, तर वळवा."

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळा दुरुस्त केल्या, साहेब. आपलं म्हणून एक पुस्तक निघावं, एवढंच वाटतं." म्हाताऱ्याने पानं गोळा केली. "तुम्ही म्हणताय म्हणून वळवतो."

शेवटची प्रत टपालाने आली. सकाळी अकरा वाजता, चहा समोर ठेवून, मी वाचायला घेतली. शेवटच्या पानावर तो माणूस वळतो. त्याच्या चेहऱ्याचं वर्णन सात ओळींत आहे, एकही विशेषण नाही. मी ते वाचलं. काय वाचलं, ते मला सांगता येत नाही. मान वर केली, तेव्हा चहावर साय धरली होती आणि साडेचार वाजले होते.

मी पुस्तक स्वीकारलं. माझ्या सल्ल्याबरहुकूम लिहिलेलं ते पहिलंच पुस्तक होतं. होतकरूंना नावं ठेवणारा मी, स्वतःचं कौतुक छापून यावं म्हणून तितकाच हपापलेला निघालो.

बाईंनी मुद्रितं परत आणली. शेवटच्या पानावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता.

"एकही चूक नाही?"

"ते पान मी वाचलं नाही."

"का?"

"तुम्ही वाचलंय, ते दिसतंय," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तेव्हापासून पाहतच नाहीत.

छापील प्रती घेऊन मी दुकानात गेलो. भर दुपार होती. दार उघडं, भिंतीवरची सगळी घड्याळं चालू, एकच वेळ दाखवणारी. हाक मारली.

मागच्या खोलीत गेलो.

खुर्ची दाराकडे तोंड करून होती.

रिकामी.

म्हाताऱ्याचा चष्मा जमिनीवर, नीट घडी घालून ठेवलेला. मी प्रती तिथेच ठेवल्या आणि पाठ न फिरवता बाहेर आलो.

पुस्तक चाललं. दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. वाचकांची पत्रं मी सहसा उघडत नाही, पण या आठवड्यात बारा आली, म्हणून उघडली. सगळ्यांत एकच विनंती आहे. सर्वांत सभ्य पत्र एका शाळेतल्या मास्तरीणबाईंचं आहे.

"गोष्ट आवडली. आमच्याकडे तो जेवणाच्या टेबलाशी बसतो. नव्या आवृत्तीत त्याला पुन्हा भिंतीकडे वळवता येईल का? जमल्यास लवकर करावे. धाकटी आता त्याला उत्तरं द्यायला लागली आहे."