काळ्या पडद्यावरचा कान

प्रेम म्हणजे प्रकाश, असं जगातल्या झाडून सगळ्या थोर माणसांनी म्हणून ठेवलं आहे. प्रेम उजळतं, प्रेम दिपवतं, प्रेमापुढे अंधार टिकत नाही. यावरून एवढंच सिद्ध होतं की त्या थोर माणसांपैकी एकाचाही लॅपटॉप सुरू होऊन काळाच्या काळा राहिला नव्हता.

एल्दियारचा राहिला.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो सरोवराजवळच्या काराकोल शहराच्या बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या टोपीवर पॉप्लरचं एक पिवळं पान होतं आणि मिशीच्या प्रयत्नावर बर्फाचे कण. काखेत लॅपटॉप होता, तोही आईच्या लोकरी शालीत गुंडाळलेला. आजारी कोकरू डॉक्टरकडे आणावं तसा.

काउंटरमागे बेर्मेत बसली होती. तिने केसांचा अंबाडा बांधून त्यात स्क्रू-ड्रायव्हर खोचला होता. दुकान तिच्या मामांचं होतं, दुरुस्ती मात्र तीच करायची. इशेनमामा कोपऱ्यातल्या मॉनिटरवर कोक-बोरूचे सामने बघायचे. घोडेस्वारांच्या दोन फळ्या एका बकऱ्याच्या धडासाठी एकमेकांच्या अंगावर जातात, तो खेळ. मामांच्या मते दुकानाच्या भरभराटीला तेही आवश्यक होतं.

"काय झालंय?" बेर्मेतने विचारलं.

एल्दियार तिच्याकडे बघत राहिला. मग शालीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"सुरू होतो," तो म्हणाला. "दिवा लागतो. पंखा फिरतो. आतून आवाज येतो... पण पडदा काळा."

"म्हणजे आत सगळं चाललेलं आहे, पण बाहेर काही दिसू देत नाही."

"हो... अगदी तसंच आहे."

"मी लॅपटॉपबद्दल बोलतेय."

"मी पण," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

बेर्मेतला हसू आलं. ते तिने स्क्रू शोधायच्या निमित्ताने काउंटरखाली नेलं.

"कुठून आलास, मास्तर?" मामांनी मॉनिटरवरची नजर न हलवता विचारलं. त्याच्या बाहीला खडू लागलेला होता, तेवढा मामांना पुरला.

"चोल्पोन-अताहून. शाळेत भूगोल शिकवतो."

"अर्ध्या सरोवराला वळसा घालून आलास! तिकडे कुणी दुरुस्तीवाला नाही?"

"आहे ना. पण तो... लग्नाला गेलाय."

बेर्मेतने कामाला सुरुवात केली. उजेडाच्या बटणांशी चाळा करून झाला. बॅटरी काढून सुरू करायचं बटण बराच वेळ दाबून धरलं, म्हणजे आत अडकलेली वीज निघून जावी. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, परत बसवली. पंखा फिरला. पडदा काळा.

"मामा, तुमचा मॉनिटर जरा द्या. याला जोडून बघते."

"आत्ता?" मामा दुखावले. "बकरा आपल्या हातात आहे, आणि आत्ता?"

"मी काहीतरी खायला घेऊन येतो," एल्दियार घाईने म्हणाला आणि बाहेर पडला. जाताना दाराच्या चौकटीवर आपटला, कारण तो मागे बघत चालला होता.

मामांनी मॉनिटर काही सोडला नाही. उरला एक उपाय. बेर्मेतने काउंटरवरचा दिवा मालवला आणि टॉर्च पडद्याच्या काचेला तिरका टेकवला. अंधाराच्या तळाशी, तलावात बुडालेल्या गावासारखं, अंधुक चित्र दिसलं. लॅपटॉप जिवंत होता! फक्त पडद्यामागचे दिवे गेले होते. ही गोष्ट पहिल्यांदा सापडते तेव्हा प्रत्येक दुरुस्तीवाल्याला आनंद होतो. बेर्मेतलाही झाला. तिने टॉर्च जरा सरकवला.

उजेडाच्या गोलात एक कान आला.

नाजूक, बाईचा कान. त्यात चांदीचं लांब कानातलं अडकवत असलेला एका वयस्क बाईचा हात.

आता कान हा काही गुन्हा नव्हे. पण त्या मुलखात मुलाची आई मुलीच्या कानात कानातलं घालते, तेव्हा विषय संपतो. मग फक्त मेंढ्या किती कापायच्या यावर वाद उरतो.

बेर्मेतने टॉर्च वर सरकवला. चेहरा बघू दे तरी. पण पासवर्ड विचारणाऱ्या पहिल्या पडद्यावर मोठ्या आकड्यांत घड्याळ असतं, आणि जिथे त्या मुलीचा चेहरा असायला हवा होता, तिथे नेमके १४:२२ वाजले होते.

चौदा-बावीस देखणी होती का? हसत होती का? कळायला मार्ग नव्हता. बेर्मेत वाकून बघत असतानाच ती चौदा-तेवीस झाली.

टॉर्च विझला. हा मुलगा दुकानात शिरून घटकासुद्धा झाली नव्हती, आणि त्याचं लग्न ठरलेलं असल्याचा बेर्मेतला राग आला होता. हे अन्यायाचं आहे हे तिला समजत होतं, त्यामुळे तर राग आणखीच वाढला.

एल्दियार परतला तो आश्लान-फूचे दोन वाडगे घेऊन. थंड, आंबट-तिखट शेवया, वर लाल ठेचा.

"तुमच्यासाठी. इथलं जास्त आंबट असतं, म्हणे."

"मी जेवलेय," बेर्मेत म्हणाली. तेवढ्यात तिच्या पोटातून आवाज आला.

"लॅपटॉपचा आवाज आहे तो," ती म्हणाली.

"हो, हो," एल्दियार म्हणाला. "मलाही घरी असाच ऐकू येतो."

तो वाडगा मामांनी खाल्ला.

"मागचे दिवे गेलेत. नवा पडदा बिश्केकहून मागवावा लागेल," बेर्मेतने कोरड्या आवाजात सांगितलं. "वेळ लागेल."

"पुष्कळ?" एल्दियारचा चेहरा उजळला.

बेर्मेतच्या आयुष्यात या बातमीने खूश होणारं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं. एरवी तिने त्यावर विचार केला असता. पण तिच्या डोक्यात कान भरला होता.

पुढचे दिवस बेर्मेतने लोकांचे कान बघण्यात घालवले. फोनची काच बदलायला आलेल्या बायका म्हणत, काच पुढे आहे गं, आणि ही बाजूने वाकून बघत असे. रात्री तिने आरशात स्वतःचे कान बघितले. बरे होते. पण कुणाच्या पडद्यावर जातील असे नव्हते.

आणि एल्दियार दर एक-दोन दिवसांनी यायचा. "इकडून चाललो होतो," म्हणायचा.

"कुठे चालला होतात?"

"इकडे."

"आणि तुमचा तो दुरुस्तीवाला? आला का लग्नाहून?"

"तो... त्याचा पाय मोडला. नाचताना."

"अरेरे," मामा म्हणाले. "मागच्या वेळी तर तू म्हणालास, त्याची गाय हरवलीय."

"गाय शोधतानाच मोडला."

"नाचत शोधत होता?"

एल्दियारने विषय बदलला. तो दाराशी जाऊन समोरच्या झूराआपाच्या दुकानाकडे बघायला लागला. झूराआपा चांदीचे दागिने विकायची. काचेमागे कानातल्यांच्या रांगा टांगलेल्या होत्या.

"एक विचारू?" तो म्हणाला. "म्हणजे, सहज... त्यातलं कुठलं चांगलं? एखाद्या मुलीला आवडेल असं."

बेर्मेतच्या हातातला चिमटा थांबला. कानात आधीच एक जोड आहे, आता दुसरा! त्या बयेला कान तरी किती आहेत?

"मुलगी कशी आहे?" तिने गोड आवाजात विचारलं. एवढ्या गोड आवाजाने मामांनीसुद्धा मान वळवली.

एल्दियारने दीर्घ श्वास घेतला. "रागीट आहे थोडी. पण बोलली की... दिवसभर तेच आठवत राहतं. आणि हात फार स्थिर आहेत तिचे."

"वा," बेर्मेत म्हणाली. तिच्या चिमट्यातून एक बारीक स्क्रू सुटून जमिनीवर घरंगळला. "मग ते घ्या. ते हिरवं."

"कुठलं?"

"ते, सगळ्यांत खालचं. बशीएवढं."

ते कानातलं झूराआपाकडे बर्फाचे कित्येक हिवाळे टांगलेलं होतं. मध्ये हिरव्या काचेचा बटबटीत डोळा, भोवती तांब्याची फुलं आणि खाली घुंगरं, ज्यांच्या आवाजाने डोंगरावरच्या मेंढ्या गोळा व्हाव्यात.

"खात्री आहे?" एल्दियारने विचारलं.

"मला कुणी दिलं तर मी आयुष्यभर उतरवणार नाही," बेर्मेत म्हणाली, आणि ईर्ष्येने माणूस किती सर्जनशील होतो याचा तिला दिवसभर अभिमान वाटला.

पडद्याचं पार्सल बिश्केकहून येणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरने आणून दिलं. बेर्मेतने ते फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशीही ते फळीवरच होतं.

"पोरी, पार्सल कालच आलंय ना?" मामा म्हणाले.

"तपासतेय."

"खोका न उघडता?"

"बाहेरून."

मामा पुन्हा मॉनिटरकडे वळले. त्यांना सामन्यात सगळ्यांत जास्त आवडायचा तो क्षण, जेव्हा घोडेस्वाराच्या हातात बकरा असतो आणि तो तरीही उलट्या दिशेने पळत सुटतो.

खरी गोष्ट अशी होती की पडदा बसला की उजेड येणार, उजेड आला की चौदा-बावीसचा चेहरा येणार, आणि लॅपटॉप शालीत गुंडाळून एल्दियार कायमचा जाणार. या तिन्ही गोष्टी एका खोक्यात बंद होत्या, आणि खोक्याला चिकटपट्टी चांगली होती.

शनिवारी एल्दियार आला. आज त्याची टोपी सरळ होती आणि मिशी काढलेली. बेर्मेतला ते वाईट लक्षण वाटलं.

"पडदा आलाय," मामांनी परस्पर सांगून टाकलं.

मग इलाज नव्हता. बेर्मेतने त्याच्यादेखत खोका उघडला, जुना पडदा सोडवला, नव्याची तार बसवली, चौकट दाबली. टक्, टक्, टक्. सगळं मुद्दाम सावकाश. बटण दाबलं. पंखा फिरला. आणि सगळं दुकान निळसर उजेडाने भरलं.

कान. हात. घड्याळ.

"घाला पासवर्ड," बेर्मेत दुसरीकडे बघत म्हणाली. "सगळं जागच्या जागी आहे का बघून घ्या. तुमची... फाइल, फोटो, जे काही असेल ते."

त्याने पासवर्ड घातला. घड्याळ गेलं. न बघायचं ठरवून बेर्मेतने बघितलं.

"ही तर नुरझात!"

"हो. माझ्या चुलतभावाची बायको."

"माझी मावसबहीण आहे ती!"

"माहीत आहे," एल्दियार म्हणाला.

ज्या कानाला तिने इतके दिवस शिव्याशाप दिले, तो लहानपणी भांडताना तिने स्वतः कैक वेळा पिरगाळलेला होता. पण राग असा एका फटक्यात कसा जाईल? त्याने फक्त जागा बदलली.

"दुसऱ्याच्या बायकोचा फोटो तुम्ही पडद्यावर लावता?"

"नुरझातवहिनीचा नाहीये तो."

"मग कुणाचा?"

एल्दियारने बोट उचललं. फोटोच्या पार कोपऱ्यात, जिथे टॉर्च कधी पोचलाच नव्हता, चहाची किटली घेतलेली एक मुलगी उभी होती. तिचे दोन्ही गाल बोरसोकांनी, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांनी, गच्च भरले होते, आणि ती कुणाकडे तरी बघून तोंड मिटून हसायचा आटोकाट प्रयत्न करत होती.

ती बेर्मेत होती.

"तुम्ही... होतात नुरझातच्या कानातल्यांच्या दिवशी?"

"नवऱ्या मुलाकडून. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं."

"मला तुमचा चेहरा आठवत कसा नाही?"

"चेहऱ्यापुढे दिवसभर फोन होता ना." तो थांबला. "नंतर वहिनी म्हणाली, ती बाजारात लॅपटॉप दुरुस्त करते. तेव्हापासून वाट बघत होतो, काहीतरी बिघडेल म्हणून. पण लॅपटॉप फार टिकाऊ निघाला... अख्खा उन्हाळा गेला."

"आणि तुमच्याकडचा दुरुस्तीवाला?"

"ठणठणीत आहे. तो म्हणाला, मागचे दिवे गेलेत, आजच करून देतो. मी लगेच त्याच्या हातातून काढून घेतला आणि बस पकडली."

इशेनमामांनी सामन्याचा आवाज बंद केला. ते दुकान उघडल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

"उद्या आई येईन म्हणते," एल्दियार म्हणाला. आता त्याचे कान नव्या पडद्याच्या उजेडातही लालच दिसत होते. "कानातलं घेऊन. पण आधी तुम्हाला विचारल्याशिवाय ये म्हणणार नाही, असं मी तिला सांगितलंय. तुम्ही नाही म्हणालात, तरी मी इकडून... जात राहीन."

बेर्मेतने अंबाड्यातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, पुन्हा खोचला. बाहेर बर्फ भुरभुरत होता. बोलायला ती तोंड उघडत होती आणि दर वेळी ते आपोआप हसण्याकडे वळत होतं, कोपऱ्यातल्या त्या फोटोतल्यासारखंच, फक्त आता त्यात बोरसोक नव्हते.

"येऊ दे," ती शेवटी अगदी हळू म्हणाली. "आईंना सांग... या म्हणून."

"खरंच?"

"खरंच."

मामांनी नाक शिंकरलं आणि थंडीला दोष दिला. एल्दियारला काय करावं सुचेना. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून मखमलीची थैली काढून काउंटरवर ठेवली. ती ठेवताच खणखणली.

"आईला दाखवून झालंय," तो अभिमानाने म्हणाला. "ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, मुलगी धीराची दिसते."

थैलीच्या तोंडातून एक हिरवा, बटबटीत डोळा बेर्मेतकडे रोखून बघत होता.

"तुम्हीच निवडलंत," एल्दियार म्हणाला. "आयुष्यभर उतरवणार नाही म्हणालात."

बेर्मेतने थैलीची दोरी घट्ट ओढली आणि ती त्याच्या हातात परत दिली. हात तिने लगेच सोडला नाही.

"एल्दियार," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली. "झूराआपा कुलूप लावतेय बघ. पळ. बदलून आण."