चित्रा, चंदू आणि अठरा व्होल्ट

"शेठ नाहीत?"

चित्राने मान वर केली नाही. सोल्डरिंग चालू असताना ती देव आला तरी मान वर करत नसे. "जेवायला गेलेत. काम सांगा."

"नाय... मी थांबतो."

हे वाक्य चित्राच्या डोक्यात जायचं. साल चौऱ्याण्णव, हातात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि तरी डोंबिवलीत त्र्यंबककाकांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्या पाठीमागे कोणीतरी बाप्या शोधायचं. याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून तिने मान वर केली, आणि... जाऊ दे, काय सांगायचं. सावळा, उंच, खांद्याला गिटारची काळी पिशवी, आणि डोळे असे की त्यांचा मालक खोटं बोलायला लागला तर आधी तेच चुगली करतील. फैलावर घ्यायचं राहूनच गेलं.

"दाखवा," ती म्हणाली.

त्याने काउंटरवर एक लोखंडी डबी ठेवली. पायाने दाबायचा पेडल. बेस गिटारचा आवाज यातून जाऊन दणकट होऊन बाहेर पडायचा. "आवाज फाटतो याचा. बारीक तारा ठीक आहेत. जाड तार छेडली की भर्र... वायर बदलली, स्पीकर बदलून बघितला."

चित्राने झाकण उघडून आतला चौकोनी सेल ओढला आणि नाक मुरडलं. "वास कसला येतोय याला?"

तो जमिनीकडे बघायला लागला. "बोंबलांचा."

"काय?"

"सेल उतरला की उन्हात ठेवायचा, परत थोडा चालतो. आमच्या कोलशेतला कावळे काय ठेवतात होय? म्हणून आई बोंबील वाळत घालते तिथेच, जाळीखाली ठेवतो."

चित्रा इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. तो आधी ओशाळला, मग तोही हसायला लागला. नाव चंदू. हरिहर मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा.

तिने मीटर लावला. नऊच्या जागी जेमतेम साडेसहा व्होल्ट. "हे बघा, जाड तारेची लाट मोठी. तिला वर-खाली व्हायला जागा लागते. व्होल्टेज म्हणजे छत. सेल उतरला की छत खाली येतं आणि लाटेचं डोकं आपटतं. तीच तुमची भर्र."

"म्हणजे उंच माणूस आणि बुटकी खोली."

"तसंच," असं म्हणताना तिची नजर नको तितका वेळ त्याच्या उंचीवर रेंगाळली. मग ती घाईघाईने स्क्रू शोधायला लागली. स्क्रू हातातच होता.

"नारळी पौर्णिमेला आमच्याच गावात प्रोग्रॅम आहे," चंदू म्हणाला. "मास्तर बोलले, आता आवाज बिघडला तर बेस कीबोर्डवरच वाजवू. सगळीकडे तेच चाललंय." बोलला हसत हसत, पण हात गिटारच्या पिशवीला घट्ट धरून होता. चित्राने उतरलेला सेल बाजूला सारला. कोण कुठला मुलगा, आपल्याला का एवढं लागावं?

"सेलचा नादच सोडा. मी एलिमिनेटर बनवते, लाइटवर चालेल. नऊ कशाला, अठरा देऊ. छत एकदम दुप्पट. पण आतले कपॅसिटर सोळा व्होल्टचे आहेत, ते आधी बदलते. नाहीतर फटाका."

"तुम्ही कराल?"

"छे. शेठ येईपर्यंत थांबा ना."

या बोलण्यावर चंदू जो काही लाजला, तो बघण्यासारखा होता.

मग तो येतच राहिला. चित्राने एलिमिनेटरला फिरवायचा स्विच लावला: सहा, नऊ, बारा, अठरा. तो वाजवायचा, ती डोळे मिटून ऐकायची. अठरावर बेस असा गोल, खोल यायचा की काउंटरची काच थरथरायची, आणि काचेवर टेकलेली तिची बोटंही. "आवडला?" तो विचारायचा. "आवाज ना? हो," ती म्हणायची. काका एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "एका डबीला इतके दिवस? मी अख्खा टीव्ही याहून लवकर करतो."

नारळी पौर्णिमेच्या दुपारी चित्रा कोलशेतला पोचली. खाडीत होड्यांवर पताका, बायकांच्या अंबाड्यात अबोली, श्रावणाचं पिवळं ऊन. एलिमिनेटर स्टेजच्या कडेला ठेवला. स्विच अठरावर. पहिली गाणी सिनेमाची झाली, बेस लोण्यासारखा. मास्तरांनी मान डोलावली आणि चित्राचा जीव भांड्यात पडला.

मग कोळी नाच सुरू झाला. बायका पदर खोचून उठल्या, दोन पावलं नाचल्या... आणि थबकल्या.

"अगो, चंदूचा बेस गप कशाला झाला?" पुढे उभी असलेली जाईबाई, चंदूची आईच ती, ओरडून म्हणाली. "गुरगुरत व्हता तो बरा व्हता. पाय उचलतच नाय."

मास्तरांनी वळून कीबोर्डवाल्याला खूण केली, बेस तू घे. चंदूचा चेहरा खर्रकन उतरला.

चित्राच्या आत्ता लक्षात आलं. ती ज्याला बिघाड समजली होती, त्याच्यावर हे गाव नाचत होतं! आणि तो तिने मोठ्या हुशारीने काढून टाकला होता. ती स्टेजवर चढली, सगळ्यांच्या देखत उकिडवी बसली आणि स्विच खट्कन सहावर आणला. "वाजव," ती म्हणाली.

भर्र. जाड तार खाडीवरून गुरगुरत गेली. बायकांनी असा ठेका धरला की मांडवाच्या कनाती हलल्या. जाईबाईने तर गिरकीच घेतली. कीबोर्डवाल्याने मुकाट्याने हात आवरला.

गाणं संपल्यावर मास्तर कडेला आले. "चंदूचा बेस राहू दे. पण कुठल्या गाण्याला किती व्होल्ट ते तू ठरवायचंस, पोरी. दर प्रोग्रॅमला ये."

चंदू तिच्याशेजारी टेकला, अजून धापा टाकत. "येशील?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. "प्रोग्रॅमला येईन. आणि प्रोग्रॅम नसेल त्या दिवशी?"

"चित्रा, एक सांगू... पेडल तर केव्हाच ठीक झालेला. मी उगाचच येत होतो, रोज."

"मला माहीत नसेल? ठीक कोणी केलेला?"

तो तिच्याकडे वळला. "मग रोज पेडल परत ठेवून का घ्यायचीस?"

"तू परत यावास म्हणून," चित्रा म्हणाली, आणि एलिमिनेटरमागे कोणाला दिसणार नाही असा त्याचा हात हातात घेतला.